सुवर्णकलश (तिबेट)

थोर तिबेटी लामांचा पुनर्जन्म चिठ्ठी काढून ठरवण्याची चीनच्या चिंग राजवटीने घालून दिलेली पद्धत, आणि त्यासाठीचा सोन्याचा कलश. तिबेटीत त्याला ‘सेर्बुम’ म्हणतात. तिबेटमधल्या धर्मस्वातंत्र्यावरून चीनशी चाललेला वाद बराचसा या एका भांड्याभोवती फिरतो.

मोठा लामा निवर्तला की त्याचा नवा अवतार, म्हणजे ‘तुल्कू’, शोधायचे काम मुख्यतः त्याच्या मठाकडे असे. स्वप्ने, शकुन, देवाचा कौल यांवरून मुलगा हेरायचा. मग आधीच्या लामाची जपमाळ, काठी इतर वस्तूंत मिसळून त्याच्यापुढे मांडायची. त्याने नेमकी तीच उचलली की खूण पटली. यात बड्या घराण्यांचा वशिला चालतो अशी तक्रार जुनीच होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तिबेटवर चालून आलेल्या नेपाळच्या गुरख्यांना हुसकावल्यावर सम्राट चिएनलुंगने हीच सबब पुढे केली. १७९३च्या २९ कलमी फर्मानाने एक कलश ल्हासाला आला, दुसरा बीजिंगच्या योंगहे मंदिरात राहिला. उमेदवारांची नावे हस्तिदंती पट्ट्यांवर मांचू, चिनी आणि तिबेटी लिपीत लिहायची, पट्ट्या कलशात टाकायच्या आणि एक काढायची.

नियम झाला, पण सरसकट पाळला गेला नाही. नववे, तेरावे आणि चौदावे दलाई लामा कलशाविनाच ठरले. ही सूट सरकारने दिली होती, म्हणजे अधिकार आमचाच, असे चीन म्हणतो. चौदाव्यांच्या वेळी सूट मागितली होती कुणी, असा तिबेटींचा सवाल आहे.

खरी ठिणगी पडली ती पंचेन लामांवरून, म्हणजे दलाई लामांखालोखाल मान असलेल्या लामांवरून. दहावे पंचेन लामा २८ जानेवारी १९८९ रोजी शिगात्से येथे वारले. तिबेटींच्या हालअपेष्टांवर त्यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या निवेदनाची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली होती. वारस शोधणाऱ्या समितीचे प्रमुख, पंचेन लामांच्या ताशी ल्हुन्पो मठाचे चाद्रेल रिनपोछे, यांनी दलाई लामांशीही संधान ठेवले. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाचे नाव जाहीर केले. तीन दिवसांत मुलगा आईवडिलांसह चिनी ताब्यात गेला. चाद्रेल रिनपोछेंना पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला मध्यरात्र उलटल्यावर ल्हासाच्या जोखांग मंदिरात, सरकारी अधिकाऱ्यांच्या समक्ष, कलश मांडला गेला. रेशमात गुंडाळलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक बोमी रिनपोछेंनी काढली आणि ग्याल्त्सेन नोर्बू अकरावे पंचेन लामा झाले. समारंभाला हजर असलेले कुंबुम मठाचे प्रमुख अर्जिया रिनपोछे १९९८ मध्ये देश सोडून गेले. एका पट्टीच्या पिशवीत खाली कापूस भरून ती उंच ठेवली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. बरेच तिबेटी नोर्बूंना ‘पंचेन झुमा’, म्हणजे खोटे पंचेन, म्हणतात. गेधुनचे जगाला ठाऊक असलेले छायाचित्र अजून तेच आहे, लालबुंद गालांच्या पोराचे. तो पदवीधर आणि नोकरदार असल्याचे चीनने २०२० मध्ये सांगितले. त्याला भेटू मात्र कुणालाच दिलेले नाही.

पंचेन आणि दलाई लामा एकमेकांच्या अवतारांना मान्यता देत आले आहेत. त्यामुळे १९९५चा समारंभ ही पुढच्या मोठ्या निवडीची रंगीत तालीमच म्हणायची. १ सप्टेंबर २००७ पासून तर सरकारी परवानगीशिवाय कोणत्याच तुल्कूला मान्यता मिळत नाही. देव न मानणाऱ्या पक्षाच्या राज्यात पुनर्जन्माला परवाना लागतो, हा विरोधाभास दलाई लामांनी अनेकदा हसत हसत दाखवला आहे. नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, २ जुलै २०२५ रोजी, परंपरा चालू राहील आणि निवडीचा अधिकार फक्त आपल्या गाडेन फोड्रांग न्यासाचा, असे त्यांनी जाहीर केले. चीनने लगोलग कलशाकडे आणि केंद्राच्या मंजुरीकडे बोट दाखवले. वारस चीनबाहेरच्या मुक्त जगात जन्मेल, असेही दलाई लामांनी लिहिले आहे. सहावे दलाई लामा १६८३ मध्ये जन्मले ते आज भारताच्या अरुणाचल प्रदेशात असलेल्या तवांगला. चीन आजही तवांगवर हक्क सांगतो.