अडकलेली वर्कर प्रक्रिया बंद करणे

सर्व्हरवरची मुख्य प्रक्रिया येणाऱ्या विनंत्या स्वतः हाताळत बसत नाही. ती काही वर्कर, म्हणजे हाताखालच्या दुय्यम प्रक्रिया, उभे करते आणि काम त्यांच्यावर सोपवते. त्यांतला एखादा प्रतिसाद देईनासा झाला, की त्याला जबरदस्तीने संपवून त्याच्या जागी नवा उभा करायचा, अशी ही पद्धत आहे.

सोलापूरच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. खडखडाट बंद पडतो आणि कामगाराचे लक्ष जाते. अडकलेला वर्कर मात्र प्रक्रियांच्या यादीत जिवंतच दिसतो, म्हणून त्याच्यावर बाहेरून नजर ठेवावी लागते. गुनिकॉर्न या पायथन भाषेतल्या वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक वर्कर एका तात्पुरत्या फाइलवरची वेळ ताजी करत राहतो. मूळ सेटिंगनुसार 30 सेकंदांत ती बदलली नाही, तर मुख्य प्रक्रिया त्याला आधी सिग्नल 6, म्हणजे थांबण्याचा इशारा, पाठवते आणि तरीही तो उरला तर सिग्नल 9, म्हणजे थेट मारण्याचा. हा 9 अडवता येत नाही, आवराआवर करायलाही वेळ देत नाही. यूडब्ल्यूएसजीआय या अशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये याच सोयीला हाराकिरी म्हणतात. पीएचपी भाषेतल्या वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये अशी मर्यादा मुळात बंद असते, ती आपणच घालायची.

समजा, चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानाची वेबसाइट चार सिंक वर्करवर, म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या वर्करवर, चालते. पैसे जमा झाले का, हे बँकेला विचारणाऱ्या कॉलला मुदतच घातलेली नाही आणि बँकेचे उत्तर येत नाही. चार गिऱ्हाइकांनी ‘पैसे भरा’ दाबले की चारही वर्कर ताटकळतात. पाचव्याला साधी चादरींची यादीही उघडत नाही. तिसाव्या सेकंदाला वर्कर मारले जातात, नवे येतात, तेही तिथेच अडकतात. अशा वेळी 30 चे 120 करण्याचा मोह होतो. तो घातक आहे, कारण दुकान आता चौपट वेळ बंद राहते. मुदत हवी ती बँकेच्या कॉलला, पाच-दहा सेकंदांची.

वर्कर मेल्यावर डेटाबेसमधला अपुरा व्यवहार मागे घेतला जातो, पण खात्यातून गेलेले पैसे तसे परत येत नाहीत. म्हणून प्रत्येक ऑर्डरला आधीच वेगळा क्रमांक द्यावा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच पाठवावा, म्हणजे ही तीच ऑर्डर आहे हे ओळखता येते आणि पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत. हाताने मारायची वेळ आली, तर आधी पाय-स्पायने, म्हणजे चालू पायथन प्रक्रियेत डोकावणाऱ्या साधनाने, वर्कर नेमका कोणत्या ओळीवर थांबलाय ते टिपून घ्यावे. मेल्यावर ते सापडत नाही.

लिनक्सवर ‘डी’ अवस्थेत गेलेली, म्हणजे बहुधा डिस्कची वाट पाहणारी प्रक्रिया सिग्नल 9 लाही लगेच दाद देत नाही. तिथे डिस्कच पूर्ववत करावी लागते, नाहीतर मशीन रीस्टार्ट.