फेडर सोळा आणि चॅनल बत्तीस, हे झालं कसं?

परवा फोंड्याकडे एका जत्रेच्या नाटकाला साऊंड लावत होतो, तेव्हा सोबत शिकायला आलेल्या पोराने विचारलं, दादा हा मिक्सर बत्तीस चॅनलचा म्हणतात, मग डावीकडे फेडर सोळाच कसे, बाकीचे गेले कुठे? चॅनल म्हणजे एका माईकची किंवा वाद्याची मिक्सरमधली वाट, आणि फेडर म्हणजे त्याचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही कारण घंटा व्हायची होती. पण नाटकाला मिक्सरवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ॲनालॉग मिक्सरवर हा प्रश्नच नव्हता. एक चॅनल म्हणजे वरून खाली एक पट्टी, वर गेन म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, मग ईक्यू म्हणजे जाड-बारीक सूर जुळवायचे नॉब, मग ऑक्स म्हणजे तो आवाज स्टेजवरच्या स्पीकरकडे वगैरे वेगळा पाठवायचे नॉब, तळाला फेडर, आणि त्याच्याखाली चिकटवलेल्या टेपवर मार्करने लिहिलेलं नाव. ऑर्गन सातवर म्हणजे रात्रभर सातवरच, काळोखात पण हात बरोबर तिथेच जायचा. पूर्वी जत्रेच्या नाटकाला वरून टांगलेले चार-सहा माईक, ऑर्गन, तबला, एवढ्याला ते पुरायचं. दोन अडचणी मात्र होत्या. चॅनल वाढले की मिक्सर तेवढाच रुंद आणि जड होत जाणार. आणि दुसरं म्हणजे त्याला काहीच लक्षात राहत नाही, पहिल्या अंकाचं सेटिंग दुसऱ्या अंकात मोडलं की ते परत आणायला आपली वही आणि आपलं डोकं.

लक्षात ठेवणारा मिक्सर आधी स्टुडिओत आला, लाईव्हमध्ये नाही. १९७० च्या दशकात व्हीसीए आले, म्हणजे आवाज किती जाऊ द्यायचा ते व्होल्टेजने ठरवणारं सर्किट, आणि व्होल्टेज साठवून परत देता येतं म्हणून फेडरची हालचाल पण साठवता येऊ लागली. त्याच दशकात नीव्ह कंपनीच्या नेकॅम सिस्टीममध्ये फेडर मोटरवर स्वतः सरकायला लागले. लाईव्हला ह्यातला व्हीसीए कामाला आला, उदाहरणार्थ यामाहाचा पीएम३००० १९८५ चा, त्यावर व्हीसीए ग्रुप होते, एका फेडरवर अख्खा कोरस वरखाली. आज डिजिटल मिक्सरवर डीसीए लिहिलेलं असतं ते ह्याचंच पुढचं रूप, आवाज त्या फेडरमधून जात नाही, तो फेडर फक्त बाकीच्या चॅनलना किती उघडायचं ते सांगतो. साध्या ग्रुपमध्ये मात्र चॅनलचे आवाज खरोखर एकत्र होऊन पुढे जातात. हा फरक पोरांना समजत नाही आणि ती ग्रुपला आणि डीसीएला एकच समजतात.

सीन बदलत, म्हणजे प्रवेशागणिक साठवलेलं सेटिंग बोलावत मिक्स करायची सवय मात्र मला वाटतं सगळ्यात जास्त लंडनच्या वेस्ट एंडच्या संगीत नाटकांनी लावली. प्रत्येक नटाला वायरलेस माईक, तीसेक माईक स्टेजवर, आणि उघडा ठेवायचा फक्त बोलणाऱ्याचा, नाहीतर सगळ्या माईकातून तोच आवाज थोडा थोडा उशिरा येऊन घुमतो. एवढे फेडर एका माणसाच्या हातात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रवेशाला आठ-बारा व्हीसीएवर फक्त त्या प्रवेशातले नट लावून घ्यायचे आणि संवादासंवादाला फेडर उघडायचा. आपल्याकडे आता कला अकादमीच्या स्पर्धेच्या नाटकात काय की जत्रेत काय, कॉलर माईक वाढलेत, म्हणजे आपण नेमके त्याच अडचणीत आलोय.

आता डिजिटल. यामाहाचा डीएमपी७ १९८७ चा, आठ चॅनलचा छोटा मिक्सर पण फेडर मोटरचे आणि सेटिंग मेमरीत. मग १९९४ ला प्रोमिक्स ०१, १९९५ ला ०२आर, तो तर स्टुडिओंनी उचलूनच धरला. पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डिजिटलमध्ये फेडरच्या खालून आवाजाची वायर जात नाही, फेडर हा नुसता रिमोट झाला, आणि रिमोट एकच असला तरी त्याने दहा वस्तू चालतात. चॅनल वाढवायला आत प्रोसेसिंग वाढवली की झालं, पण मोटरचा फेडर महाग आणि जागा खाणारा, म्हणून फेडर कमी ठेवून लेअर केले. यामाहाच्याच २००३ च्या ०१व्ही९६ वर हे स्वच्छ दिसतं, सोळा चॅनल फेडर आणि बाजूला बटणं, १ ते १६, १७ ते ३२, मास्टर. बटण दाबलं की फेडर सर्रकन सरकून दुसऱ्या सोळा चॅनलच्या जागी जातात.

मिक्सर लहान झाला, स्वस्त झाला, पण काळोखात हात बरोबर जाणं गेलं. गायक नट एंट्री घेतो, त्याचा चॅनल १९, आणि आपण असतो पहिल्या लेअरवर, तेवढ्यात पदाची पहिली ओळ गेली. त्यानंतर ह्या मिक्सरात जे जे नवीन आलं ते मला तरी हा हरवलेला हात परत मिळवायची धडपड वाटते.

त्यात मी सगळ्यात वरचं स्थान यामाहाच्या २००५ च्या एम७सीएलला देतो. त्याच्या मोठ्या मॉडेलवर अठ्ठेचाळीस माईक चॅनलना अठ्ठेचाळीस फेडर, लेअर नाहीच, आणि निवडलेल्या आठ चॅनलचे कंट्रोल मधोमध टचस्क्रीनजवळ. ॲनालॉगवर वाढलेल्या माणसाला त्यावर बसायला भीती वाटत नव्हती. पुढच्याच वर्षी मायडसचा एक्सएल८ आला, त्यांचं म्हणणं चॅनल नंबरने नाही तर रंगाने आणि नावाने शोधा, आणि ग्रुपचं बटण दाबलं की त्यातले चॅनल स्वतःच हाताखाली यावेत. त्याच सुमाराला ॲलन अँड हीथच्या आयलाईव्हवर कुठलाही चॅनल कुठल्याही फेडरवर ठेवता येऊ लागला.

मग स्वस्ताई. २००९ चा प्रीसोनसचा स्टुडिओलाईव्ह, त्याच्या फेडरला मोटरच नव्हती, सीन बोलावला की आतलं लेव्हल बदलायचं पण फेडर तिथेच, म्हणून लोकेट नावाचं बटण दिलेलं, ते दाबून दिव्यांत बघत फेडर जुळवायचा. २०१२ ला बेहरिंगरचा एक्स३२, मोटरचे पंचवीस फेडर, डावीकडे सोळा, उजवीकडे आठ आणि एक मेन, आणि किंमत एवढी उतरली की पूर्वी जे मोठ्या हॉलमध्येच दिसायचं ते मंडळांच्या टेम्पोत आलं. त्याच वर्षी मॅकीचा डीएल१६०८, त्याला फेडरच नाहीत, सगळं आयपॅडवर. स्टेजवर उभं राहून मॉनिटर, म्हणजे नटांना ऐकू येणारे स्पीकर लावायला आयपॅड उत्तम, पण नाटक काचेवर बोट ठेवून करू नये असं माझं स्पष्ट मत, बोटाला तिथे कड लागत नाही.

सीनबद्दल एक सांगतो. पेडण्याकडच्या एका नाटकात नायकाच्या माईकची बॅटरी गेली, मी घाईत त्याला स्पेअर माईक दिला, चॅनल उघडला, सगळं ठीक. पुढच्या प्रवेशाला सीन बोलावला आणि त्या सीनमध्ये स्पेअर म्यूट होता. नट बोलतोय आणि आवाज नाही, ते दोन-तीन सेकंद मला अजून आठवतात. ह्यासाठीच रिकॉल सेफ असतं, त्या चॅनलला सीनने हात लावू नये म्हणून, आणि एक्स३२ वर स्निपेट पण असतात, अख्ख्या मिक्सरऐवजी ठरवलेल्या तेवढ्याच गोष्टी बदलणारे. मी आता स्पेअर चॅनल, ऑर्गन, तबला पहिल्यापासून सेफमध्ये टाकतो आणि प्रवेशाच्या सीनमध्ये फक्त म्यूट आणि डीसीए बदलू देतो, ईक्यू आणि गेन नाही, कारण घाम आणि दमटपणा वाढतो तसं आपण रात्रभर ईक्यू हलवत असतो आणि जुना सीन ते सगळं पुसून टाकतो.

आणि सगळे सीन साठवलेली फाईल एका कंपनीच्या मिक्सरची दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर सरळ उघडत नाही. राजीव गांधी कला मंदिरात एक मिक्सर, दुसऱ्या दिवशी देवळासमोर दुसरा, म्हणून पेनड्राईव्हसोबत प्रवेशवार माईकची यादी कागदावर असतेच माझ्याकडे, कुठल्या प्रवेशात कोण, कुठल्या डीसीएवर, कोण कुठून एंट्री घेतो. त्या पोराला पुढच्या नाटकाला आधी तीच लिहायला बसवणार आहे.