घटकाधारित सॉफ्टवेअर : वितरित व सर्वव्यापी संगणनातील उपयोग

स्वतंत्रपणे तयार झालेले, स्वतंत्रपणे बसवता व बदलता येणारे भाग जुळवून संगणक प्रणाली उभारण्याच्या पद्धतीस घटकाधारित सॉफ्टवेअर म्हणतात. आपण कोणती सेवा देतो व इतरांकडून काय लागते, एवढेच प्रत्येक घटक आपल्या इंटरफेसद्वारे (बाहेरच्यांशी जोडणीच्या ठरलेल्या रूपाद्वारे) जाहीर करतो. आतली रचना झाकलेली राहते. संगणकशास्त्रज्ञ डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६८ मध्ये गार्मिश (जर्मनी) येथील नाटोच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयक परिषदेत या कल्पनेचा पुरस्कार केला. वेगवेगळ्या यंत्रांवरील घटकांचा संवाद जुळवणारे, म्हणजे वितरित संगणनासाठीचे, कोर्बा हे मानक १९९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांचा, भोवतालच्या वस्तूंत मिसळून गेलेल्या संगणकांविषयीचा, म्हणजे सर्वव्यापी संगणनाविषयीचा, लेख प्रसिद्ध झाला.

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरातल्या द्राक्षबागेच्या उदाहरणावरून ही रचना स्पष्ट होते. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, यावर डाऊनी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगाचा धोका अवलंबून असतो. त्यामुळे या नोंदी घेणारा बागेतला सेन्सर व दूरच्या सर्व्हरवरील रोग-अंदाजाचा घटक आणि त्यांच्या जोडीला पाण्यासाठी विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर (दुरून मोटार चालू-बंद करणारे उपकरण) असे तीन घटक एका प्रणालीत येऊ शकतात. सेन्सर दुसऱ्या कंपनीचा बसवला, तरी इंटरफेस तोच असल्यास अंदाजाच्या घटकाला हात लावावा लागत नाही.

खरी अडचण नेटवर्क तुटल्यावर येते. सेन्सर बंद पडूनही ‘पान कोरडे’ ही शेवटची नोंद तशीच वापरली गेली, तर फवारणी चुकते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत वेळ असलीच पाहिजे. एककही तितकेच आवश्यक असते : सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत सांगतात (इशारा ४०, धोका ४५), तर कोयना धरणाचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत). मोटारीला आज्ञा पाठवली आणि उत्तर आले नाही, तर ती सुरू झाली की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी ‘स्थिती उलट कर’ ही आज्ञा पुन्हा पाठवल्यास चालू मोटार बंद पडेल. ‘चालू ठेव’ ही मात्र कितीही वेळा पाठवली तरी परिणाम एकच होतो. विहीर आटल्यास मोटार थांबवण्याचा निर्णय तर स्टार्टरपाशीच घेतला जावा, सर्व्हरवर सोपवू नये.

तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या एमक्यूटीटी या संदेशपद्धतीत तुटलेल्या संपर्काचाही विचार आहे : उपकरण जोडणीच्या वेळीच एक संदेश मध्यस्थ सर्व्हरकडे ठेवते आणि संपर्क अचानक तुटल्यास तो सर्व्हर हा संदेश इतर घटकांना पोचवतो.