भोंगा फाटतो, तसा प्रकाशही

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीच्या गल्लीत उभे राहिले की भोंग्याचा आवाज फाटलेला ऐकू येतो. दोष गाणाऱ्याचा नसतो. ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणलेला असतो आणि आत गेलेल्या लहरीचा आकार बाहेर येईतो बदलतो. रेडिओलहरी प्रकाशावर चढवून पाठवणाऱ्या यंत्रणेतही हेच घडते, फक्त कानाला कळत नाही.

ॲंटेनाकडून आलेला १० गिगाहर्ट्झचा संदेश तांब्याच्या केबलमध्ये काही मीटरांतच बराच क्षीण होतो, तर १५५० नॅनोमीटरचा प्रकाश प्रकाशतंतूतून किलोमीटरभर जाऊनही जेमतेम ५ टक्के घटतो. म्हणून संदेश आधी प्रकाशावर उमटवायचा. हे काम मॉड्युलेटरचे. तो लेसरचा प्रकाश दोन वाटांत विभागतो. लिथियम नायोबेटच्या स्फटिकाला व्होल्टेज दिले की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती मंदावतो याचे माप, किंचित बदलतो, एका वाटेतला प्रकाश दुसरीपेक्षा मागे पडतो, आणि दोन्ही पुन्हा एकत्र आले की त्या फरकानुसार उजेड वाढतो किंवा घटतो.

गोम अशी, की व्होल्टेज आणि उजेड यांचे नाते सरळ रेषेचे नसून साइन वक्राचे आहे. ०.१ रेडियनचा (रेडियन हे कोनाचे एकक) साइन ०.०९९८ भरतो, म्हणजे फरक नगण्य. १ रेडियनला मात्र तो ०.८४१ वर थांबतो, म्हणजे सुमारे १६ टक्के तूट. या तुटीतून कोणीही न पाठवलेल्या लहरी जन्मतात. १० आणि १०.०१ गिगाहर्ट्झच्या लहरी एकत्र पाठवल्या, तर ९.९९ आणि १०.०२ गिगाहर्ट्झवर दोन आगंतुक उभे राहतात. दुप्पट-तिप्पट वारंवारितेच्या लहरी दूर पडत असल्याने गाळता येतात, हे मात्र अगदी शेजारी बसतात, आणि रडार शोधत असलेला लांबच्या विमानाचा क्षीण प्रतिध्वनी नेमका तेथे असेल तर तो झाकून टाकतात. शिवाय मूळ लहरींची उंची दुप्पट केली की आगंतुकांची आठपट होते.

२०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि बेल लॅब्सच्या संशोधकांनी लिथियम नायोबेटच्या पातळ थरावर कमी व्होल्टेजचे, अतिवेगवान मॉड्युलेटर चिपवर करून दाखवले. वक्र मात्र तोच राहिला, कारण तो स्फटिकाचा नव्हे, तर दोन लहरींच्या व्यतिकरणाचा, म्हणजे एकत्र येऊन एकमेकींना वाढवण्या-घटवण्याचा, गुण आहे.

मला सर्वांत चतुर वाटणारा उपाय म्हणजे वाटेला लागूनच प्रकाश फिरवणारे सूक्ष्म कडे कोरणे. योग्य रीतीने जुळवलेल्या कड्यात व्होल्टेज वाढवावे तसा प्रकाशाचा कलाबदल, म्हणजे लहरीचे मागेपुढे सरकणे, प्रमाणापेक्षा जास्त होतो. साइन वक्र जितका खाली वाकतो तितकेच कडे वर उचलते, आणि आगंतुकांचे मूळ असलेले घनपद, म्हणजे वक्रातला व्होल्टेजच्या घनाप्रमाणे वाढणारा भाग, जवळजवळ मिटते. एका वाकड्याने दुसरे वाकडे सरळ करण्याचा हा प्रकार फुकट मिळत नाही. प्रकाश कड्यात रेंगाळत असल्याने फार वेगवान संदेशांना मर्यादा येते, आणि कड्याचे वागणे परिघात किती तरंग मावतात यावर ठरत असल्याने तापमानाची जराशी चढउतारही जुळवणी बिघडवते. मेअखेरच्या नवतप्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गच्चीवरच्या ॲंटेनाजवळील पेटी त्याहून तापते. म्हणून कड्यावर धातूची बारीक तापक पट्टी बसवून तापमान स्थिर राखतात. पण पट्टी केवळ तापवू शकते, थंड करू शकत नाही, त्यामुळे ते तापमान मे महिन्यातल्या पेटीपेक्षा वरच ठरवणे सोयीचे पडते.