बारा क्विंटल सोयाबीनचे १३२ रुपये

गेल्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर शेतकऱ्याच्या हाती अशी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, पडली: सोयाबीन १२ क्विंटल, भाव ११, रक्कम १३२ रुपये. दसऱ्याला संगणकाची पूजा राहिली म्हणून हे झालं, असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी पडद्याला लिंबू-मिरची बांधली गेली. यंत्राला नजर लागत नाही. सांगितलं तेवढंच ते करतं, आणि इथंही त्यानं तेच केलं होतं.

मी पट्टी छापणारा प्रोग्रॅम उघडला. डेटाबेसच्या तक्त्यातले सगळे रकाने आणायचे आणि ओळ[३] हा भाव धरायचा, असं त्यात लिहिलेलं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणजे हा चौथा रकाना. पट्टी क्रमांक, नाव, वजन, भाव. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग मालाचा ओलावाही टिपायचं ठरलं आणि तो रकाना वजनाच्या लगेच पुढे घातला गेला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असं मधे घुसता येतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नवा रकाना शेवटीच जातो. भाव एक घर सरकला आणि त्याच्या जागी ओलावा आला, ११ टक्के.

कर्सर (डेटाबेसमधून ओळी आणून देणारा दुवा) उघडताना ओळी डिक्शनरीच्या, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या, रूपात मागितल्या की ओळ["भाव"] असं लिहिता येतं. रकाना कुठंही सरको, भाव भावच राहतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, तेव्हाच रकान्यांचा क्रम लक्षात ठेवायचं ओझं वापरणाऱ्यावर नको, नावानं काम भागावं, असा आग्रह धरला होता.

पण नाव दिल्यावर किंमत, म्हणजे त्या नावाखाली ठेवलेली माहिती, सापडते कशी? मला यातला हाच भाग फार आवडतो. डिक्शनरी सगळी नावं एकेक करून चाळत बसत नाही. ती नावाचाच आकडा करते. युनिकोड या अक्षरचिन्हांच्या यादीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो: भ २३४९, काना २३६६, व २३५७. बेरीज ७०७२. समजा या किमती ठेवायला आपल्याकडे ८ खण आहेत. ८ नं भागल्यावर बाकी ० उरते, म्हणून "भाव" शून्याव्या खणात. "वजन"ची बेरीज ७०३३, बाकी १. "ओलावा" ११७६६, बाकी ६. शोधतानाही तोच हिशेब करायचा आणि थेट त्या खणाशी जायचं. आता "वाण" घ्या: ७०६२, बाकी पुन्हा ६! तिथं ओलावा आधीच बसलेला. म्हणून खणात किंमतीसोबत पूर्ण नावही ठेवतात. नाव जुळलं नाही तर ठरलेल्या नियमानं दुसरा खण बघतात. नावाचा आकडा करणारं खरं सूत्र, म्हणजे हॅश फंक्शन, नुसती बेरीज करत नाही, अक्षरांचा क्रमही त्यात घुसळतं. नाहीतर "नाव" आणि "वना" यांची कायम टक्कर झाली असती.

एक खड्डा मात्र नावांच्या वाटेवरही आहे. शेतकरी आणि खरेदीदार हे दोन तक्ते जोडले आणि दोन्हींत "नाव" रकाना असला, तर साध्या डिक्शनरीत नंतर आलेलं नाव आधीचं पुसून टाकतं. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. शेतकऱ्याच्या पट्टीवर खरेदीदाराचं नाव छापून येतं. म्हणून त्या आडतीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या सूचनेत, मी सगळे रकाने आणणारी फुली (*) काढली, हवे तेवढेच रकाने नावानिशी लिहिले आणि "अ‍ॅज" हा शब्द वापरून दोन्ही नावांना शेतकरी_नाव आणि खरेदीदार_नाव अशी वेगळी नावं दिली. त्याच संध्याकाळी ती पट्टी खऱ्या भावानं पुन्हा छापून दिली.