डिबग मोड (जुने व्हिडिओ गेम)

गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या तपासणीसाठी आत घातलेली आणि कॅसेट दुकानात गेल्यावरही आतच राहिलेली छुपी सोय, म्हणजे डिबग मोड. पाहिजे त्या लेव्हलला थेट जाणं, मरण बंद करणं, भिंतीतून आरपार फिरणं, एवढं त्यात येतं. मराठवाड्यात पोरं ह्या सगळ्याला सरसकट 'कोड' म्हणतात. तसं बघितलं तर चीट कोड खेळणाऱ्यासाठी ठेवलेला असतो आणि डिबग हे कारागिराचं हत्यार, पण कित्येक कोड आधी हत्यारच होते, म्हणून दोन्हीतली रेघ पुसटच आहे.

सुरुवात कुठून धरायची ह्यावर एकमत नाही. बहुतेक जण १९८६ च्या फॅमिकॉमवरच्या (निंटेंडोचं टीव्हीला जोडायचं गेम मशीन, म्हणजे कन्सोल) ग्रॅडियसचं नाव घेतात. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, हा गेम घरच्या मशीनवर आणत होते, तपासताना तो त्यांना स्वतःलाच पार होईना, म्हणून त्यांनी वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए असा जवळजवळ सगळी शस्त्रं देणारा बटणांचा क्रम घातला, आणि तो तसाच राहिला. हाच पुढं कोनामी कोड (हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले). दुसरा पक्ष १९८३ च्या मॅनिक मायनरकडं बोट दाखवतो, त्यात ६०३१७६९ टाइप केलं की पाहिजे त्या गुहेत जाता यायचं, मात्र तो झेडएक्स स्पेक्ट्रम ह्या घरगुती कॉम्प्युटरवरचा. कन्सोलपुरतं बोलायचं तर ग्रॅडियसचं पारडं जड वाटतं.

ही सोय काढून का टाकली नाही, तर विसरले म्हणून, असं सांगितलं जातं, ते थोडंच खरं. त्या काळचा गेम मास्क रॉमवर जायचा, म्हणजे चिप कारखान्यातून एकदा निघाली की आतलं एक अक्षरही बदलत नाही. शेवटच्या आठवड्यात कोडचा तुकडा उपटला की पुढच्या सगळ्याचे पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागा, सरकणार, एखादा पत्ता चुकला तर लाखभर कॅसेटी वाया, आणि सगळा गेम परत पहिल्यापासून तपासायचा. त्यापेक्षा खोली तशीच ठेवून दाराला कुलूप लावणं सोपं. हे कुलूप बहुतेक वेळा मेमरीतला एक बाइट असतो, शून्य असला की बंद, बटणांचा क्रम बरोबर आला की चालू.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह ह्या कन्सोलवरच्या सोनिक २ मधलं कुलूप तर बघण्यासारखं आहे. ऑप्शनमधल्या साउंड टेस्टमध्ये (इथं गेममधले आवाज नंबरानं वाजवून ऐकता येतात) १९, ६५, ०९, १७ हे आवाज ओळीनं वाजवायचे, रिंगचा आवाज येतो, मग टायटलवर ए दाबून धरून स्टार्ट केलं की लेव्हलची यादी उघडते. हे आकडे म्हणजे प्रोग्रॅमर युजी नाका ह्यांची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५. त्या यादीत परत ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ वाजवले, म्हणजे २४ नोव्हेंबर १९९२ ही अमेरिकेतली रिलीजची तारीख, आणि ए धरून लेव्हल चालू केली की डिबग मोड लागतो. बी दाबल्यावर सोनिकची रिंग होते, ती हवेत कुठंही फिरते, ए नं वस्तू बदलते, सी नं ती तिथंच ठेवता येते. गेम बनवणाऱ्यांनी लेव्हल कशी तपासली असेल ते इथं स्वतःच्या हातानं कळतं, म्हणून हा नमुना सगळ्यात मोलाचा.

मराठवाड्यात मेगा ड्राइव्ह कमी, फॅमिकॉमच्या नकली मशीनच घरोघर, त्यामुळं कोड म्हणजे काँट्रा ह्या कोनामीच्याच गेममधला, तोच वर वर खाली खालीचा क्रम, तीनाच्या जागी तीस लाइफ. ह्यात टर्बोचं, म्हणजे आपोआप परत परत दाबलं जाणारं, बटण वापरू नये, एका दाबात बी दोनतीनदा नोंदला जातो आणि क्रम मोडतो. ढीगभर गेमवाल्या कॅसेटीत तर एकच गेम चारपाच नावांनी असायचा, कुठं लाइफ जास्त, कुठं थेट पुढची लेव्हल, म्हणजे डिबगचं काम नक्कल करणाऱ्यांनी मेनूतच करून दिलेलं. कोडचा असर रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसणाऱ्या मेमरीत, राहतो आणि काँट्रात सेव्ह नाही, तेव्हा सहाव्या लेव्हलवर लोडशेडिंग आलं की सगळं पुसलं, लाईट आल्यावर परत वर वर खाली खाली.