इजिप्तच्या नावाची पॅलेट, अजिंठ्याचे रंग

थीम असलेली, चित्रं काढलेली, मोजकीच बनवलेली आयशॅडो पॅलेट, म्हणजे पापण्यांना लावायच्या रंगांचा डबा, हा प्रकार इन्स्टाच्या जमान्यातला वाटतो ना, पण खरं तर हे पाच हजार वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. इजिप्तमधे लोक दगडाच्या चपट्या पाटीवर हिरवा मॅलाकाइट वाटून डोळ्यांना लावायचे, मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं खनिज, आणि त्या पाट्या मासा, कासव अशा आकारात कोरलेल्या असायच्या. त्यातली सगळ्यात फेमस नार्मर राजाची, इ.स.पू. 3100 च्या आसपासची, 64 सेंमी उंच, दोन्ही बाजूंनी राजाच्या विजयाची चित्रं आणि एका बाजूला मधोमध रंग वाटायची गोल खळगी. एवढी मोठी पाटी रोजच्या वापराची नव्हतीच, ती खास मंदिरासाठी बनवलेली. म्हणजे स्पेशल एडिशनच की!

नंतर हिरव्याची जागा काळ्याने घेतली. तो काळा म्हणजे गॅलेना, शिशाचं खनिज. 2010 मधे फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की इजिप्शियन लोक त्यात स्वतः तयार केलेले शिशाचे क्षार पण मिसळायचे आणि त्याच्या अगदी थोड्या प्रमाणाने डोळ्यातली रोगप्रतिकारशक्ती जागी होत असावी. तरी शिसं ते शिसंच, म्हणून तसला सुरमा आज लहान पोरांच्या डोळ्यात घालू नये, हे मी इथे ठासून सांगते. आपल्याकडे घरोघरी जे काजळ बनायचं ते वेगळं, एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा, वर पालथी ताटली, धरलेली काजळी खरवडून तुपात कालवायची. माझी आजी अजूनही कुठे बाहेर निघालं की "डोयामा काजय घाल वो" म्हणते, आणि त्या काजळात शिशाचं खनिज घालत नाहीत.

आता थीमचा धंदा कसा सुरू झाला ते. 1922 मधे तुतनखामेनची कबर सापडली आणि युरोप-अमेरिकेत इजिप्तचं वेडच लागलं, कपडे, दागिने, काळे रेखलेले डोळे, सगळंच. 1952 मधे रेव्हलॉन या अमेरिकन मेकअप कंपनीने लिपस्टिक आणि नेलपेंटची एकच शेड एका नावाने, एका गोष्टीसकट, मोठ्ठी जाहिरात करून आणली, त्याच वर्षी इकडे टाटांनी लॅक्मे सुरू केली. 1963 ला एलिझाबेथ टेलरचा क्लिओपात्रा सिनेमा आला आणि निळी आयशॅडो घराघरात पोचली. पण एका सिनेमाच्या नावाची अख्खी पॅलेट, मोजक्या काळासाठी, संपली की संपली, हे जोरात झालं 2010 मधे, अर्बन डिके या मेकअप कंपनीने डिस्नीच्या अॅलिस इन वंडरलँड सिनेमावर 16 शेड्सची, उघडली की चित्र उभं राहणारी पेटी काढली आणि ती पटापट संपली. त्यानंतर मग रांगच लागली, कार्टून, सिरीयल, चॉकलेट, काहीही.

माझ्या मावसबहिणीने अशीच एक इजिप्त थीमची मागवली, जळगावला कुरियरने आली, झाकणावर सोनेरी डोळा. आम्ही दोघींनी सगळ्या शेड्स हातावर ओढून बघितल्या आणि मला सवय आहे म्हणून मागची घटकांची यादी वाचली. तर गंमत म्हणजे इजिप्तच्या त्या डोळ्यांच्या खनिजांपैकी एकही आत नाही. मॅलाकाइट नाही (हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड), गॅलेना तर नसणारच. आहे काय? तांबडे, पिवळे, काळे आयर्न ऑक्साइड आणि निळ्यासाठी अल्ट्रामरीन.

आणि हेच रंग आमच्यापासून साधारण 60 किमीवर अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत!! तिथला तांबडा आणि पिवळा म्हणजे गेरू आणि पिवडी, दोन्हीत रंग लोखंडाच्या खनिजांचाच. काळा मात्र वेगळा, दिव्याची काजळी, आजीच्या ताटलीवरची तीच. निळा लाजवर्दाचा, तो दगड पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा आणि म्हणून महाग होता, मग 1820 च्या दशकात फ्रान्समधे गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने तोच निळा, म्हणजे अल्ट्रामरीन, कारखान्यात बनवला आणि आज पॅलेटमधे तो असतो. आयर्न ऑक्साइड पण आता कारखान्यातलंच वापरतात, कारण जमिनीतल्या गेरूत शिसं, आर्सेनिक निघू शकतं. म्हणून मला मनापासून वाटतं की जळगाव-धुळ्याच्या मुलींनी डब्यावरची थीम न बघता हे तांबडे-पिवळे मॅट (बिनचमकीचे) रंग बघून पॅलेट घ्यावी, आपल्या सावळ्या रंगावर ते लगेच उठून दिसतात. ती फिकी लॅव्हेंडर शेड मात्र आम्हा दोघींवर राखाडी दिसली, त्यात पांढरा बेस जास्त असतो. वर भुसावळकडचा 45 डिग्रीचा मे महिना, क्रीमवाल्या शेड्स पापणीच्या घडीत गोळा होतात, पावडर मॅट टिकतं.

चमकीचं मूळ अजून वेगळं. आधी मोत्यासारखी चमक माशांच्या खवल्यांतून काढायचे, 1960 च्या दशकात अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर देऊन ती बनवायला लागले आणि आजची बहुतेक शिमर तीच. तो अभ्रक बराचसा झारखंडमधला, कोडरमा-गिरिडीह भागातला, तिथे पोरंसोरं सुद्धा पडक्या खाणींतून ढिबरा म्हणजे अभ्रकाचे तुकडे वेचतात. 2016 मधे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तिथल्या खाणीत मुलं मेल्याचं आणि ते दाबलं गेल्याचं उघड केलं, पुढच्या वर्षी रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह (अभ्रक जबाबदारीने मिळवावा म्हणून काढलेली संघटना, मायका म्हणजे अभ्रक) सुरू झालं ज्यात मोठ्या कंपन्या आहेत. यादीत सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट लिहिलं असेल तर तो लॅबमधला अभ्रक, नुसतं मायका असेल तर खाणीतला. आमच्या पॅलेटवर दोन्ही लिहिलंय, खाणीतला कुठून आला ते डब्यावर कुठेच नाही, मी कंपनीला मेल टाकून विचारलंय आणि बहिणीलाही सांगितलंय की उत्तर येईपर्यंत दुसरी मागवू नको.